खिशातला चाकू : वाचक विचारतात

गेल्या अंकात घडीच्या चाकूंच्या संग्रहावर लिहिलं होतं आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हटली होती, की चाकू हातात घेतला की आधी पातं बघू नका, सांधा बघा, म्हणजे पातं मुठीत जिथे फिरतं ती जागा. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर मेल आले. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पण ज्यांचे प्रश्न बाकीच्यांच्याही कामाचे आहेत ते घेतलेत.

दादा, मी ऐरोलीत आयटीमध्ये आहे, आताच संग्रह सुरू करतोय. बजेट फार नाही. ओपिनेल घेऊ की व्हिक्टोरिनॉक्स? आणि एकूणात सगळ्यात भारी कंपनी कोणती?

भारी कंपनी कोणती याचं उत्तर एका ओळीत देणारे खूप भेटतील, मी देणार नाही, कारण हे चाकू वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या कामांसाठी बनलेत आणि ते काम माहीत नसेल तर तुलनेला काही अर्थच राहत नाही. आधी ओपिनेलचंच बघा. फ्रान्सच्या सावोआ भागात, आल्प्सच्या डोंगरात, जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू केला तो शेतकऱ्यांसाठी आणि गुराख्यांसाठी. बीच लाकडाची मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली एक फट, एक पातं, एक पिन, बस. १८९७ पर्यंत त्याने १ ते १२ अशा नंबरांची मापं केली, पुढे १ आणि ११ बंद झाली, बाकीची आजही मिळतात. पातं अडकवणारी ती फिरती रिंग बऱ्याच जणांना पहिल्यापासूनची वाटते, पण ती १९५५ मध्ये आली, त्याआधी पातं निव्वळ लाकडाच्या घट्टपणावर उभं राहायचं.

आता हे लाकूड आपल्या हवेत काय करतं ते ऐका. जुलैमध्ये ठाण्याच्या खाडीवरून जी दमट हवा येते त्यात बीच फुगतं आणि पातं मुठीत असं गच्च बसतं की नखाने निघतच नाही. लोक लगेच पक्कड घेतात आणि पात्यावर ओरखडे पाडून ठेवतात. तसं करू नका. रिंग मोकळी करा, मुठीच्या टोकाने टेबलाच्या कडेवर नीट एक ठोका द्या, पातं थोडं बाहेर येतं आणि मग नखाच्या खाचेत पकडता येतं. सावोआतले लोक शंभर वर्षं हेच करतायत.

व्हिक्टोरिनॉक्सची गोष्ट वेगळी. कार्ल एल्सेनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाखला १८८४ मध्ये वर्कशॉप टाकलं आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू द्यायला लागला. सैनिकाचा चाकू जड होता म्हणून त्याने १८९७ मध्ये ऑफिसरचा हलका चाकू केला आणि त्यातली खरी करामत हीच की मुठीच्या दोन्ही बाजूंना अवजारं बसवली आणि दोन्हीकडच्या अवजारांना दाब देणारी स्प्रिंग मात्र तीच ठेवली. आज आपण कॉर्कस्क्रू, डबा उघडायचं अवजार, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं गृहीत धरतो, पण ते एवढ्याशा जाडीत मावलं ते त्या स्प्रिंगमुळे. नावही आवडण्यासारखं आहे, १९०९ मध्ये त्याची आई व्हिक्टोरिया गेली तेव्हा त्याने तिचं नाव कंपनीला दिलं आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद आलं तेव्हा त्यासाठीचा इनॉक्स हा शब्द मागे जोडला.

तर तुम्ही विचारताय त्याचं उत्तर असं, की दोन्ही घ्या, पण नीट निवडून. ओपिनेलचा नंबर ८, साध्या कार्बन पोलादाचा, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर असतं. आणि व्हिक्टोरिनॉक्समध्ये लाल प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी अ‍ॅलॉक्स म्हणजे खडबडीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा कुठलाही साधा दोन-चार अवजारांचा. मग वाशीच्या एपीएमसीतून पेरू आणा आणि दोन्हीने कापून बघा. ओपिनेलचं पातं पातळ आहे, कडा थोडी फुगीर घासलेली आहे, ते फळात अलगद जातं. स्विस पोलाद तुलनेने मऊ असतं, धार लवकर जाते पण दगडावर चार हात मारले की परत येते आणि पाण्यात पडून राहिलं तरी गंजत नाही. ओपिनेलचं कार्बन पोलाद धार छान घेतं पण ओलं ठेवलं तर सकाळपर्यंत ठिपके. हे स्वतः अनुभवल्याशिवाय नुसतं वाचून कळत नाही.

पैसे जमले की तिसरा जपानचा हिगोनोकामी घ्या, मिकी गावचा. पितळेची किंवा लोखंडाची पत्र्याची घडी घातलेली मूठ, आत ना स्प्रिंग ना लॉक. पात्याच्या मागे एक छोटी दांडी बाहेर आलेली असते, ती अंगठ्याने दाबून धरायची, तोच लॉक. चांगल्या हिगोनोकामीत मधे कठीण निळ्या कागदाचं पोलाद असतं, म्हणजे पोलादाचं नावच तसं आहे, त्याला गुंडाळलेल्या कागदाच्या रंगावरून, आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. धार विलक्षण. पण हाड किंवा नारळाची करवंटी लागली तर कड तुटते. एकेकाळी जपानमधल्या शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिल तासायला हा असायचा, १९६० मध्ये टोकियोत समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत हत्या झाली आणि त्यानंतर मुलांच्या हातात चाकू नको अशी मोहीम देशभर चालली, त्यात मिकीच्या बहुतेक कारागिरांचा धंदा बसला. आता हे नाव लावायचा हक्क असलेलं एकच घर राहिलंय. तो चाकू महाग नाहीये, म्हणून लोक त्याला खेळणं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नौपाड्याच्या घरी ट्रंकेत आजोबांचा चाकू सापडला. दोन पाती आहेत, एक उघडतच नाही. पात्याच्या मुळाशी चांदणी आणि एक क्रॉस कोरलाय, खाली रॉजर्स असं काहीतरी वाचता येतं. दुकानदार म्हणतो पॉलिश करून देतो, चकाचक होईल. देऊ का?

ताई, देऊ नका. कृपा करून देऊ नका. बफिंगच्या चाकावर तो चाकू गेला तर पाच मिनिटांत त्याच्यावरची सगळी माहिती पुसली जाईल आणि ती परत कुणीच आणू शकणार नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय ती चांदणी आणि माल्टीज क्रॉस म्हणजे शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. ह्या घराण्याचा धंदा १६८२ पासूनचा सांगतात. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डमध्ये यांच्याइतकं नाव फार थोड्यांचं होतं, १८२२ मध्ये त्यांनी १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढे दरवर्षी त्यात एकेक पातं वाढवत गेले. नाव एवढं मोठं असल्यामुळे नक्कलही तेवढीच झाली, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे, चांदणीच्या जागी फूल, असले प्रकार. म्हणून आधी भिंग घ्या आणि अक्षर न अक्षर वाचा. पात्याच्या मुळाशी जो चपटा भाग असतो त्याच्या दोन्ही बाजू बघा. तिथे मुकुट आणि व्ही आर दिसलं तर राणी व्हिक्टोरियाच्या काळचा, म्हणजे १९०१ च्या आधीचा असण्याची शक्यता, जी आर दिसलं तर जॉर्ज राजांच्या काळचा. शेफिल्डबरोबर इंग्लंड असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तो १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखान्यांनी तो शिक्का सरसकट मारायला सुरुवात केली.

आता न उघडणाऱ्या पात्याबद्दल. जोर लावू नका, नखाच्या खाचेत नाणं घालून तर अजिबात नाही, तिथे पातं चटकन मोडतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी परत दोन थेंब. आठवडाभर हेच करा, घाई नको. तेलाबरोबर तपकिरी गाळ बाहेर यायला लागेल, तो मऊ कापडाने पुसत जायचा, आणि मग एक दिवस पातं थोडं हलेल, तेवढंच हलवा, परत तेल. पातं मोकळं झालं की वरचा लाल गंज तेल लावलेल्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने खरवडा, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. करडा-काळा डाग मात्र राहू द्या. तो गंज नाहीये, तो पोलादावर चढलेला वर्षानुवर्षांचा थर आहे, तुमच्या आजोबांनी त्या चाकूने जे काय कापलं असेल त्याचा, आणि तोच थर पुढचा लाल गंज थोपवतो.

मूठ कसली आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. हाड किंवा शिंग असेल तर पाण्यात बुडवू नका, तडे जातात. आणि हस्तिदंत असेल तर तो विकायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे त्याच्या खरेदी-विक्रीला कायद्याने मनाई आहे, घरात आधीपासून असल्याबद्दल काय करायचं ते वन खात्याकडे विचारून घ्या. साफ झाल्यावर फोटो नक्की पाठवा, मला तो चाकू खरंच बघायचाय.

केस आणि ग्रेट ईस्टर्न या चाकूच्या दोन कंपन्यांत फरक काय? पाचपाखाडीत आमचा तिघांचा ग्रुप आहे, त्यावरून रोज वाद होतात.

दोन्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले, पण वयात शंभरेक वर्षांचं अंतर. केस घराण्याचा धंदा १८८९ चा, कारखाना ब्रॅडफर्डला, आणि १९९३ पासून मालकी झिप्पो लायटरवाल्यांची. ग्रेट ईस्टर्न २००६ मध्ये टायटसव्हिलला सुरू झाली, ती मुद्दाम जुन्या पद्धतीने, १०९५ या प्रतीचं कार्बन पोलाद वापरून, थोडे थोडे नग काढून. म्हणून ग्रेट ईस्टर्नचा चाकू बाजारात आला की संपतो आणि मग दुप्पट भावाने फिरतो, केस मात्र कधीही मिळतो.

संग्राहकाला केस आवडतो त्याचं मोठं कारण म्हणजे तो वाचता येतो. समजा पात्यावर ६२५४ असा नंबर आहे. पहिला ६ म्हणजे मूठ हाडाची, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपर हा नमुना. ६३१८ असेल तर हाड, तीन पाती, स्टॉकमन. आणि वर्ष? १९७० पासून त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके टाकले आणि दरवर्षी एकेक कमी करत गेले, म्हणजे १९७१ चे नऊ, १९७२ चे आठ. १९८० मध्ये शिक्क्यातल्या एस अक्षराला विजेसारखा आकार देऊन परत दहापासून सुरुवात. भिंगाखाली ते ठिपके मोजण्यात जी मजा आहे ती ज्याने केलीय त्यालाच माहीत.

पण तुमचा वाद मिटवायचा तर ठिपके सोडा, दोन्ही चाकू हातात घेऊन हळू उघडा. घडीच्या जुन्या चाकूत लॉक नसतो, पाठीमागची पोलादी पट्टी वाकून पात्यावर दाब देते. अर्धं उघडताना काही चाकू काटकोनात एकदा थांबतात आणि मग पुढे टक्क करून बसतात. तो टक्क आवाज कोरडा आणि एकसंध हवा, खरखर नको. मग तीन वेळा पाठीवरून बोट फिरवा, पातं बंद असताना, अर्ध्यावर असताना आणि पूर्ण उघडं असताना. तिन्ही वेळा पट्टी मुठीच्या कडेशी समतल लागली, कुठे वर आली नाही कुठे खाली गेली नाही, तर समजा की तो सांधा हाताने घासून जुळवणाऱ्या माणसाला त्याचं काम येत होतं. उघडं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा, हललं तर नको. उजेडासमोर धरा, पट्टी आणि लायनर, म्हणजे मुठीच्या आतला धातूचा पत्रा, यांच्या मधून उजेड दिसला तर नको. माझ्या मते या कसोटीत ग्रेट ईस्टर्न बहुतेक वेळा पुढे जातो, पण त्याची पट्टी कधी कधी एवढी कडक असते की नख दुखतं, आणि रोज सफरचंद कापायला मी केसच घेईन. नग आणि नग वेगळा असतो, त्यामुळे कंपनीवर पैज लावू नका, समोरच्या चाकूवर लावा.

हे चाकू घेऊन नेरूळ ते ठाणे लोकलने प्रवास केला तर पोलीस धरतील का? आणि रामपुरी संग्रहात ठेवलेला चालतो का?

शस्त्रांच्या नियमांत तलवारी, खंजीर यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे मोडतात, घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलीयत. खिशातला चाकू या मापाच्या कितीतरी आत आहे. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ठाणे काय नवी मुंबई काय, दोन्हीकडचे पोलीस आयुक्तालय सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चे-आंदोलनं असली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि त्या यादीत सुरे असतातच. त्या काळात तुमच्या खिशात चाकू सापडला तर तो सावोआचा आहे की कुठला हे कुणी ऐकून घेणार नाही. माझा सल्ला सरळ आहे, रस्त्यावर खिशात ठेवून फिरू नका. कुणाला दाखवायला न्यायचाच असेल तर कापडात गुंडाळून, डब्यात, बॅगेच्या तळाशी, सोबत बिल. मेट्रोच्या तपासणीत अडवतील आणि विमानात केबिन बॅगेत तर नाहीच नाही.

रामपुरीबद्दल थोडं जास्त बोलू द्या. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या या चाकूला हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिलं आणि आपल्या डोक्यात तेच बसलं. पण संग्राहकाच्या नजरेने बघा, पितळेची नक्षीची मूठ, घरगुती भट्टीवर पाणी दिलेलं पातं, उघडताना कटकट वाजत एकेका दातावरून पुढे सरकणारा खटका. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आणली आणि आधीच बसत चाललेला धंदा आणखी बसला. २०२३ मध्ये रामपुरात चौकात वीस फुटी रामपुरी चाकू उभारलाय, कारागीर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. आपण फ्रान्स-जपानच्या कारागिरांचं एवढं कौतुक करतो तर आपल्या देशातल्या या माणसांचं का नाही? साडेचार इंचांच्या आतला, नीट दुकानातून बिल घेऊन घेतलेला रामपुरी शोकेसमध्ये ठेवा. फुटपाथवरचा बटणाने उघडणारा पत्र्याचा चाकू म्हणजे रामपुरी नव्हे आणि तो जवळही बाळगू नका.

घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो, पावसाळ्यात कपाटातले चाकू गंजतात. काय करू?

चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर आधी बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. पात्याला केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन अगदी पातळ लावा, खोबरेल नको, ते काही महिन्यांनी चिकट होऊन सांध्यात बसतं. बंद होणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि ते जेल महिन्यातून एकदा गरम करून सुकवायचं. कार्बन पोलाद असेल तर मे महिन्यातच त्याने भरपूर कैऱ्या कापा, धुऊन लगेच कोरडं करा, पातं निळसर-करडं होतं आणि तो थर पावसाळ्यात उपयोगी पडतो.

अजून एक, हे फारसं कुणी सांगत नाही. जुन्या अमेरिकन किंवा जर्मन चाकूंच्या रंगीत, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या असतात. ते म्हातारं झालं की आतून आम्लाची वाफ सोडतं आणि त्या एका चाकूमुळे डब्यातले बाकीचे सगळे गंजतात. कापराचा तिखट वास आला किंवा मुठीजवळचं पितळ हिरवं पडलं तर तो चाकू आजच वेगळा काढा आणि हवेशीर जागी ठेवा.

खारघरहून : ऑनलाइन लागिओल चाकू नऊशे रुपयांना दिसतोय, मधमाशीसकट. ओरिजिनल असेल का?

नाही. लागिओल हे फ्रान्समधल्या आव्हेरों भागातल्या गावाचं नाव, चाकूचा हा घाट तिथे १८२९ च्या सुमारास रुजला, पण नाव कुणा एका कंपनीचं नाही म्हणून जगभरात कुणीही ते शिक्क्यात मारतं. फ्रान्सच्या चांगल्या चाकूंपैकीही बरेच लागिओलला नव्हे, तिएर या दुसऱ्या फ्रेंच गावात बनतात. मधमाशी बघू नका, ती कुणीही चिकटवतं. ती स्प्रिंगच्याच पोलादातून घडवलीय की वरून डाग देऊन जोडलीय ते बघा, आणि कारखान्याचं नाव लिहिलंय का ते बघा. नुसतं लागिओल लिहिलेलं असेल तर पुढे जा. याउलट झोलिंगेन हे जर्मन शहराचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, पात्यावर ते खरं असेल तर माल तिथलाच असतो.

कळव्याहून : माझ्याकडे आजीकडून आलेले आणि जांभळी नाक्याच्या जुन्या दुकानातून घेतलेले अडकित्ते आहेत. चाकूंच्या संग्रहात हे बसतात का?

बसतात म्हणजे काय, मी तर म्हणेन की आपल्याकडच्या माणसाने संग्रह तिथूनच सुरू करावा. घडीच्या चाकूत जे बघायचं तेच सगळं अडकित्त्यात आहे, एक पातं, एक सांधा, आणि हाताला रोज लागणारं काम. पितळेचे, लोखंडाचे, घोड्याच्या, मोराच्या, जोडप्याच्या आकाराचे, किती तऱ्हा. पुण्यात बाजीराव रोडजवळ राजा केळकर संग्रहालय आहे, दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं, तिथले अडकित्ते एकदा निवांत बघून या. बघताना नक्षीवर थांबू नका, रिव्हेटची जागा बघा, पातं खालच्या दांडीला पूर्ण लांबीभर टेकतं का बघा. घरचे अडकित्तेही तसेच तपासा, प्रत्येकात एक कडक सुपारी कापून. ज्याने भुगा न होता स्वच्छ काप पडतात त्याचे आणि ज्याने पडत नाहीत त्याचेही फोटो पाठवा, सांध्याचे जवळून, दोन्ही बाजूंनी.